घराच्या बांधकामाची साइट सुरक्षित आणि स्वच्छ कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं घर बांधायला काढलेल्या मालकांसाठी आहेत, आणि रोज साइटवर उभं राहणाऱ्या सुपरवायझर-मुकादमांसाठीही. मोठ्या प्रकल्पावर सुरक्षेसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. एक-दोन मजली घराच्या साइटवर तसं कोणी नसतं, पण खोल चर, उंची, वीज, डोक्यावरचं वजन हे धोके तेवढेच असतात. साफसफाई आणि सुरक्षा आम्ही एकाच कामात धरतो. खिळे असलेली फळी आज उचलली नाही की उद्या ती कोणाच्या तरी पायात जाते. तोच कचरा स्लॅबमध्ये किंवा पाइपात राहिला तर घराला पुढची कित्येक वर्षं त्रास देतो.

काम कंत्राटदाराकडे दिलंय. मग मालकाने यात लक्ष घालायची गरज काय?

गरज आहे, कारण बहुतेक साइटवर कंत्राटदार एक असला तरी टोळ्या पाच-सहा असतात: खोदकामवाले, सेंटरिंगवाले (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा आणि त्याचे टेकू उभारणारे), सळई बांधणारे, गवंडी, प्लंबर, वायरमन. प्रत्येक टोळी आपलं काम उरकून निघून जाते आणि तिचा पसारा पुढच्या टोळीच्या पायात येतो. सेंटरिंगवाल्याने टाकलेल्या खिळ्यांवर गवंड्याचा पाय पडतो.

करारात ‘साफसफाई कंत्राटदाराकडे’ एवढंच लिहून भागत नाही. राडारोडा कोण उचलणार, किती दिवसांनी उचलणार, गाडीचं भाडं कोणाचं, परांची आणि कठडे कोण लावणार, हेल्मेट-बूट कोण देणार, कामगारांचा विमा कोणी काढायचा, हे सगळं वेगवेगळं लिहा. प्रत्येक टोळीसाठी एक अट घाला: जागा मोकळी करून दिल्याशिवाय शेवटचा हिशेब होणार नाही. आमच्या मते साइट स्वच्छ ठेवायला याइतका उपयोगी दुसरा नियम नाही. शिवाय एका माणसाचं नाव ठरवा. काम सुटण्याआधी १५ मिनिटं त्याने सगळ्यांकडून आवराआवर करून घ्यायची. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

पहिली कुदळ मारण्याआधी काय तयारी करायची?

कागदावर प्लॉटचा नकाशा काढून त्यात वाळू, खडी, सिमेंट, सळई, विटा, मिक्सर, पाण्याची टाकी, राडारोड्याचा ढीग आणि कामगारांचं शौचालय यांच्या जागा ठरवून टाका. हे ठरवलं नाही तर माल गाडीतून उतरेल तिथेच पडतो आणि तीन वेळा हलवावा लागतो. फाटकापासून कामापर्यंत मीटरभर रुंदीची वाट कायम मोकळी राहिली पाहिजे. घमेलं डोक्यावर घेतलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

चारही बाजूंनी पत्र्याचं किंवा जाळीचं साधारण २ मीटर उंच कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक हवं. जमिनीखालून जाणारी वीजवाहिनी, पाण्याची लाइन, गटार यांची माहिती आधी काढा आणि चुन्याने आखून घ्या. त्या पट्ट्यात जेसीबी न लावता हातानेच खणायचं.

प्लॉटवरून किंवा शेजारून वीजतारा जात असतील तर आधी वीज कंपनीकडे जा. सळई साधारण १२ मीटर लांब येते. दोन माणसं ती वळवत असताना एक टोक वर उचललं जातं आणि तारेला लागतं. माणूस, सळई, शिडी, परांची यांपैकी काहीही तारेच्या ३ मीटरच्या आत येऊ नये. दाब जास्त असेल तर अंतरही जास्त लागतं, तो आकडा कंपनीकडून लेखी घ्या. ‘तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवलाय’ हा उपाय धरू नका.

पायाचा चर किती खोल झाला की आधार द्यावा लागतो?

दीड मीटरच्या पुढे गेला की आधार द्यायचा किंवा बाजू उतरत्या कापायच्या. माती भुसभुशीत असेल, भराव टाकलेली जमीन असेल किंवा पाणी झिरपत असेल तर त्याआधीसुद्धा. माती ढासळण्याला लोक हलक्यात घेतात, कारण माती मऊ वाटते. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड ते दोन टन भरतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच राहत नाही.

उकरलेली माती चराच्या काठावर टाकायची सवय सगळीकडे आहे, आणि बाजू ढासळण्याचं मोठं कारणही तेच. ढीग काठापासून किमान १ मीटर दूर हवा, चर खोल असेल तर आणखी दूर. डंपर आणि मिक्सरची गाडी त्याहून लांब थांबवा. गाडीच्या हादऱ्याने भिंत सुटते.

रोज सकाळी उतरण्याआधी काठावरून चालत बघा. काठाला समांतर केसासारखी भेग दिसली, बाजूला पोट आलं असेल किंवा तळाशी ताजी माती गळून पडली असेल, तर त्या दिवशी आत कोणी उतरायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर आणि ऊन पडून माती सुकल्यावर, दोन्ही वेळा ही तपासणी लागते. आत शिडी कायम लावलेली असावी. एकट्याने खाली काम करू नये.

शेजारच्या घराच्या पायालगत खणायचं असेल तर पूर्ण लांबी एकदम उघडू नका. दीड-दोन मीटरचे तुकडे एकाआड एक खणा, भरा, मग मधले घ्या. कोणता तुकडा कधी घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं.

कॉलमच्या उभ्या सळ्यांवर प्लास्टिकच्या टोप्या लावल्या की पुरे का?

ओरखडे टाळायला पुरे. पण वरून पडणाऱ्या माणसाच्या वजनापुढे ती पातळ टोपी टिकत नाही, सळई तिला फोडून वर येते. जिथे वर काम चालू आहे आणि खाली सळ्यांची टोकं उघडी आहेत, तिथे आत पोलादी पत्री असलेल्या रुंद टोप्या लावा किंवा सळ्यांच्या रांगेवर लाकडी फळी खोक्यासारखी ठोकून बांधा. फूटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, सळ्यांच्या आडव्या टोकांनाही रंगीत फीत बांधा. नडगीला लागतात ती हीच टोकं.

परांची नीट बांधलीये हे बघायचं कसं?

खालून सुरुवात करा. उभा खांब थेट मातीवर, विटेच्या तुकड्यावर किंवा डब्यावर उभा असेल तर तिथेच थांबा. खांबाखाली बैठक पट्टी आणि तिच्याखाली जाड फळी हवी, नाहीतर पाऊस पडला की एक पाय रुततो आणि सगळी परांची कलते.

मग भिंतीशी बांधणी बघा. परांची भिंतीला नुसती टेकलेली चालत नाही, ती जागोजागी इमारतीला घट्ट बांधलेली असावी लागते. खिडकीच्या चौकटीला किंवा पावसाच्या पाइपाला दोरी बांधलेली दिसली तर ती बांधणी धरू नका. तिरप्या कैच्या आहेत का ते बघा. कैच्या नसलेली परांची पत्त्यांच्या घरासारखी एका बाजूला लवंडते.

वर गेल्यावर पायाखालची फळी बघा. ३८ मिलिमीटर जाडीच्या फळीला दर दीड मीटरवर तरी टेकू हवा. टोक टेकूच्या पुढे १५ सेंटिमीटर यावं. फार पुढे आलं तर त्या टोकावर पाय पडताच फळी दुसरीकडून उचलली जाते, आणि अगदी काठावर असेल तर सरकून निसटते. फळी दोरीने किंवा क्लॅम्पने बांधलेली असावी. फळ्यांमध्ये फटी नसाव्यात. बाहेरच्या बाजूला साधारण १ मीटर उंचीवर एक आडवा दांडा, त्याच्या निम्म्यावर दुसरा आणि फळीच्या कडेला १५ सेंटिमीटरची उभी पट्टी. ही पट्टी थापी, हातोडी आणि विटांचे तुकडे खाली जाऊ देत नाही.

परांचीवर विटांचा ढीग रचू नका. एका वेळी लागेल तेवढाच माल वर ठेवा आणि सांडलेला गिलावा संध्याकाळी खरवडून काढा. तो सुकून टणक झाला की ठेच लागते, आणि ओला असताना पाय घसरतो.

ड्रमवर फळी टाकून गिलावा करतात, ते चालतं का?

नाही. ड्रम घरंगळतो, फळी बांधता येत नाही. छताचा गिलावा करायला घोडी, म्हणजे फळी टेकवायचा पायांचा स्टँड, वापरा.

शिडी किती तिरपी लावायची?

उंची ४ असेल तर पाय भिंतीपासून १ अंतरावर. म्हणजे ४ मीटर उंचीसाठी १ मीटर. वरच्या मजल्यावर उतरायचं असेल तर शिडी काठाच्या वर तीन फूट यावी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. वरचं टोक बांधा. लाकडी शिडीला रंग देऊ नका, रंगाखाली तडा दिसत नाही. वायरिंगच्या कामाला धातूची शिडी नको.

जिना, डक्ट, लिफ्ट यांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या मोकळ्या जागांचं काय?

सेंटरिंग काढल्याच्या दिवशीच त्या बंद करायच्या. बहुतेक ठिकाणी भोकावर प्लायचा तुकडा नुसता टाकून ठेवतात, आणि उघड्या भोकापेक्षा ते जास्त घातक. कोणीतरी सफाई करताना प्लाय दोन हातांनी समोर धरून उचलतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि ज्या भोकावर तो होता त्यातच जातो. प्लाय समोर धरल्यामुळे त्याला खालचं दिसतच नाही. म्हणून प्लाय किमान १८ मिलिमीटरचा घ्या, चारही बाजूंनी भोकापेक्षा मोठा, स्क्रूने स्लॅबला पक्का केलेला, आणि त्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत ‘खाली भोक आहे’ असं लिहिलेलं. लहान भोकांसाठी स्लॅब भरतानाच सळईची जाळी आरपार सोडून ठेवली तर उत्तम, पाइप टाकायच्या वेळी कापता येते. जिन्याला आणि गच्चीच्या कडेला रेलिंग लागेपर्यंत तात्पुरता कठडा ठेवायचाच.

स्लॅब भरण्याआधी सेंटरिंगमध्ये काय तपासायचं?

आधी वजनाचा अंदाज घ्या. एक हजार चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे बीम सोडून जवळजवळ ३० टन ओलं काँक्रीट. वर माणसं, व्हायब्रेटर आणि एका जागी ओतलेला ढीग असतो तो वेगळाच. पहिले काही तास हे सगळं ओझं फक्त टेकूंवर असतं.

टेकू ओळंब्यात हवेत. तळाशी जाड फळी हवी. जोत्यातला भराव नीट दाबलेला नसेल तर पाणी पडताच टेकू खचतो. दोन टेकू एकावर एक बांधून उंची गाठलेली असेल तर तो जोड पक्का आहे का आणि मध्यावर आडवी बांधणी आहे का ते बघा. लोखंडी जॅकच्या भोकात मूळची पिन हवी. तिच्या जागी सळईचा तुकडा खुपसलेला असेल तर बदलून घ्या. काँक्रीट चालू असताना एक जाणता माणूस टेकूंवर नजर ठेवायला हवा, पण बाहेर उभा राहून. स्लॅबखाली इतर कोणी नको. एका ठिकाणी काँक्रीटचा मोठा ढीग न होऊ देता ते लगेच पसरवत जायचं.

सेंटरिंग कधी काढायची?

नेहमीच्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि हवा फार थंड नसताना: कॉलम आणि बीमच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी. टेकूंचं म्हणाल तर दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्यापुढे २१. राखमिश्रित सिमेंट हळू ताकद धरतं, त्याला जास्त दिवस द्या. वर पुढचा स्लॅब भरायचा असेल तर त्याचं ओझं खालच्या स्लॅबवरच येतं, तेव्हा खालचे टेकू काढायची घाई नको. बाहेर लोंबकळणाऱ्या छज्ज्याचे टेकू काढायला टोकाकडून सुरुवात करा आणि आधाराकडे या. उलटं केलं तर छज्ज्यावर नको त्या जागी ताण येतो.

काढलेल्या फळ्यांतले खिळे त्याच दिवशी उपसा. ते शक्य नसेल तर वाकवून ठोका. उभा खिळा असलेली फळी जमिनीवर एक रात्रही नको.

सेंटरिंगमधला कचरा काँक्रीटखाली गेला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. बांधणीच्या तारेचे तुकडे फळीवर पडून राहिले तर ते स्लॅबच्या तळाशी येतात आणि पुढे छताच्या रंगातून गंजाचे तांबूस डाग वर येतात. कॉलमच्या तळाशी भुसा, पालापाचोळा, मातीचा थर राहिला तर जुनं आणि नवं काँक्रीट एकमेकांना धरत नाही. साच्यातून पाणी मारलं की हा सगळा कचरा वाहत जाऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमका कॉलमच्या बुडाशी जमतो. म्हणून कॉलमच्या साच्यात खाली एका बाजूला हात जाईल एवढी खिडकी ठेवा, कचरा तिथून काढा आणि मग ती बंद करा. स्लॅबवर ब्लोअर मारा, तारेचे तुकडे चुंबकाने गोळा करा. सळई बांधणाऱ्यांना कमरेला लावायला पिशवी दिली तर हे काम निम्म्याने कमी होतं.

साइटवरच्या विजेसाठी कमीत कमी काय हवं?

तात्पुरत्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका. एमसीबी (जास्त भार आला की पडणारा खटका) वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही; १६ अँपिअरचा एमसीबी पडेपर्यंत माणसाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दर आठवड्याला दाबून बघा. दाबल्यावर खटका पडला नाही तर तो त्याच दिवशी बदला. चांगलं अर्थिंग हवं. बोर्ड पावसापासून झाकलेला आणि जमिनीपासून उंच असावा.

वायरची टोकं काडी खुपसून सॉकेटमध्ये बसवणं बंद. प्रत्येक मशिनला प्लग हवा. केबल पाण्यातून, सळ्यांवरून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका, खांबांवरून उंच न्या. जोड टेपने गुंडाळलेला नको, बंद कनेक्टर लावा. व्हायब्रेटर आणि टाइल कटर ही दोन मशिनं ओल्यात चालतात, म्हणून त्यांच्या केबल रोज हातभर-हातभर तपासा. तपासताना प्लग काढलेला असावा.

ग्राइंडरचं गार्ड काढून काम करतात, कारण गार्ड आडवं येतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. डिस्क फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. डिस्कवर लिहिलेले फेरे मशिनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नका.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत सेंटरिंग काढायला उतरणं धोक्याचं का असतं? टाकी तर नवी आहे, आत मैला नाही.

या एका प्रश्नाचं उत्तर तरी साइटवरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा. नव्या, कोऱ्या टाकीत माणसं मरतात. टाकी बंद असते, आत ओली फळी आणि साचलेलं पाणी असतं. लाकूड कुजताना हवेतला ऑक्सिजन खातं. नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आत जाऊ नये. फारच कमी झालेला असेल तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. वास येत नाही, घुसमट जाणवत नाही, त्यामुळे माणसाला बाहेर यायला सवडच मिळत नाही. खाली पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका टाकीत दोघं-तिघं जातात ते असे.

उतरण्याआधी सगळी झाकणं किमान एक दिवस उघडी ठेवा. पाणी पंपाने उपसा, पण इंजिनचा पंप आत उतरवू नका, त्याचा धूर स्वतःच विषारी असतो. ब्लोअरचा पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडून अर्धा तास बाहेरची हवा आत मारा आणि काम चालू असेपर्यंत तो बंद करू नका. गॅस मीटर भाड्याने मिळतो. दोरीला बांधून तळाशी, मध्ये आणि वर असं तिन्ही ठिकाणी मोजा. मेणबत्ती सोडून बघणं ही तपासणी नव्हे. आत पेट घेणारा वायू असेल तर तीच मेणबत्ती स्फोट घडवते.

उतरणाऱ्याला हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि दोरी बांधा. दोरी वर तिपाईवरून घेतलेली असावी, म्हणजे वरच्यांना आत न उतरता त्याला ओढून काढता येईल. वर दोन माणसं कायम हवीत. आतला बोलेनासा झाला तर दोरी ओढायची, ब्लोअर चालू ठेवायचा, अग्निशमन दलाला बोलवायचं. आत उडी मारायची नाही, तो सख्खा भाऊ असला तरी.

हा धोका ड्रॉइंगवरच कमी करता येतो. टाकीला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन झाकणं ठेवा, प्रत्येकी किमान ६० सेंटिमीटर चौरस, म्हणजे हवा खेळते. झाकणाचा स्लॅब बाहेर ओतून वर बसवता आला तर आत सेंटरिंग राहतच नाही. आतून वॉटरप्रूफिंग किंवा रंग करतानाही हेच सगळे नियम लागू, कारण तिथे सॉल्व्हंटची वाफ असते.

ओलं सिमेंट अंगाला लागलं तर काय करायचं?

लगेच साध्या वाहत्या पाण्याने धुवा. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच दाहक. गंमत वाटून लोक अनवाणी काँक्रीटमध्ये उभे राहतात, तेव्हा काहीच होत नाही. जळजळ काही तासांनी सुरू होते आणि तोवर कातडी खोलवर भाजलेली असते. गुडघे टेकून काम करणाऱ्यांची पँट भिजली तर ती तेव्हाच बदलायला हवी. गमबूट आणि रबरी हातमोजे वापरा. बुटात काँक्रीट गेलं तर बूट काढून पाय धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून २० मिनिटं पाणी सोडत राहा आणि मग डॉक्टरकडे. डोळा चोळू नका.

धूळ कमी कशी करायची?

कोरडं कापू नका आणि कोरडं झाडू नका. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात बसतात आणि तिथून निघत नाहीत. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ, फुप्फुसापर्यंत जाते ती न दिसणारी. पाण्याची बारीक धार सोडून कापलं तर बहुतेक धूळ तिथेच बसते. भिंतीत पाइपासाठी खाचा मारताना एन-९५ मास्क हवा, तोही नाकाला घट्ट बसणारा. तोंडाला बांधलेला रुमाल यात उपयोगाचा नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडा. वाळूवर ताडपत्री टाका. राडारोडा वरच्या मजल्यावरून खाली फेकण्यापेक्षा बंद पाइपातून किंवा गोणीत भरून उतरवा, म्हणजे धूळ उडत नाही आणि खालच्याच्या डोक्यातही काही पडत नाही.

राडारोडा वेगळा करायची खरंच गरज आहे का?

आहे. एकत्र ढीग झाला की त्यातलं काहीच वापरता येत नाही. चार भाग पुरेत: विटा-काँक्रीटचे तुकडे, लोखंड, लाकूड, आणि प्लास्टिक-गोण्या-खोकी. रंगाचे डबे, थिनर आणि सीलंट वेगळे आणि बंद ठेवा.

विटांचे तुकडे जोत्याच्या भरावात चालतात, पण बारीक करून, थराथराने पाणी मारून दाबलेले. त्यात लाकडाचा तुकडा, कागद किंवा सिमेंटची कागदी गोणी जाऊ देऊ नका. जमिनीत गाडलेलं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण, आणि ते कुजलं की वरची फरशी पोकळ वाजायला लागते. पीव्हीसीचे तुकडे आणि वायर जाळू नका, त्यातून निघणारा वायू आम्लाचा असतो.

मिक्सर आणि घमेली धुतलेलं पाणी कुठे सोडायचं?

गटारात नाही, झाडाच्या आळ्यात नाही. कोपऱ्यात मीटर-दीड मीटर लांबी-रुंदीचा उथळ खड्डा करून त्यात जाड प्लास्टिक अंथरा. पाणी उडून गेलं की तळाला कडक थर राहतो, तो राडारोड्यात टाका. गटारात सोडलेलं सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं.

नव्या घरात राहायला आल्यावर बाथरूम तुंबतं. याचा बांधकामाशी संबंध असतो का?

बहुतेक वेळा असतो. गिलावा आणि फरशीच्या वेळी नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याची) तोंडं उघडी राहतात आणि सिमेंटचा मसाला, विटांचे तुकडे, टाइलच्या फटीत भरायचा ग्राउट सगळं आत जातं. पाइप बसवल्याबरोबर प्रत्येक तोंडाला त्याच मापाची टोपी लावा. गोणीचा कागद खुपसला तर तोच पुढे आत सरकतो. फरशी झाल्यावर, कमोड-बेसिन बसवण्याआधी, प्रत्येक तोंडातून बादलीभर पाणी जोरात ओतून चेंबरमध्ये किती आणि कसं येतं ते बघा. टाइल बसवून झाल्यावर शोधण्यापेक्षा हे फार सोपं आहे.

साचलेल्या पाण्यातले डास कसे रोखायचे?

उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून ड्रम, हौद, लिफ्टचा खड्डा, रिकामे डबे सगळं कोरडं करा. ड्रमच्या कडा घासा, अंडी तिथेच चिकटलेली असतात. क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) स्लॅबवर केलेल्या आळ्यांतलं पाणी पण बदलत राहा, किंवा ओली गोणपाटं अंथरा.

माल नवीन स्लॅबवर ठेवला तर चालतं का?

थोडा आणि पसरून. घराचा स्लॅब वापरातल्या ओझ्यासाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून काढतात. ५० किलोच्या १० गोण्या एकावर एक रचल्या की त्याच जागेवर त्याच्या सात-आठ पट ओझं येतं. टाइलच्या पेट्यांचंही तसंच. माल बीमच्या जवळ, भिंतीलगत पसरून ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको.

गोडाऊनमध्ये सिमेंट जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर उंच फळ्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून ठेवा. दहापेक्षा जास्त गोण्यांची थप्पी नको. विटांची थप्पी दीड मीटरच्या वर नेऊ नका.

साइटवर लहान मुलं असतात, त्यांचं काय?

कामाच्या कुंपणाच्या आत मुलं नसावीत. कामगारांची मुलं असतील तर बाहेर सावलीत, कठडा असलेली वेगळी जागा द्या आणि त्यांच्याजवळ एका मोठ्या माणसाला बसवा. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि त्याचा आवाजही होत नाही. हौदाला जड झाकण किंवा कुलूपवाली जाळी लावा. वाळूचा ढीग मुलांना ओढतो, त्याच्या आसपास खिळे, सळई, केबल काहीही नको.

कामगार हेल्मेट घालत नाहीत, काय करावं?

हेल्मेट मापाचं आणि हलकं द्या, हनुवटीचा पट्टा असलेलं. उन्हात गरम होणारं, सैल, डोळ्यांवर येणारं हेल्मेट कोणीच घालत नाही, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. फटका बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी फेकून द्या. चपलेवर साइटवर प्रवेश नको. मालक आणि पाहुणे यांनीही हेल्मेट घालूनच आत यावं, नाहीतर नियम टिकत नाही. मिक्सरजवळ ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस बांधून घ्यायला लावा.

अपघात झालाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

उंचावरून पडलेल्याला उचलून बसवू नका. मान हलू न देता अॅम्ब्युलन्स बोलवा. सळई शरीरात घुसली असेल तर ती उपसू नका, जागेवर आधार द्या, लागलं तर बाहेरचा भाग कापा. सळई रक्त अडवून धरते. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. जोरात रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं न सोडता दाबून धरा. खिळा लागला तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारा. फाटकावर साइटचा पूर्ण पत्ता आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही.

सुट्टीत काम आठवडाभर बंद राहणार असेल तर?

मेन स्विच बंद करून बोर्डला कुलूप लावा. शिड्या काढून आत ठेवा, परांचीच्या तळाची शिडी आधी. चर आणि टाक्यांची झाकणं तपासा, पाणी उपसा. पत्रे, प्लाय, थर्माकोल वाऱ्याने उडतात, त्यावर वजन ठेवा किंवा दोरीने बांधा. थिनर आणि रंग कुलपात. काम पुन्हा सुरू होईल त्या दिवशी माणसं वर चढवण्याआधी परांची, टेकू आणि चराच्या बाजू नव्याने तपासा.